लॅबच्या पीसीवर पेन ड्राइव्हमधले प्रोग्रॅम चालूच द्यायचे नाहीत. कसं करायचं?

लॅब_खिडकी:
कॉलेजची लॅब, विंडोज ११ प्रो, डोमेन (सगळे पीसी एकाच सर्व्हरवरून सांभाळायची सोय) नाही. मुलं स्टँडर्ड खात्यानेच लॉगिन करतात, तरी पेन ड्राइव्हवरचे पोर्टेबल गेम नि डाउनलोड्समधले कसलेही प्रोग्रॅम बिनदिक्कत चालतात. अँटिव्हायरस काही बोलत नाही. ठरावीक सोडून बाकी सगळं अडवता येईल का? प्रोवर ॲपलॉकर (कोणते प्रोग्रॅम चालू द्यायचे ते ठरवणारी विंडोजमधलीच सोय) चालत नाही असं वाचलंय.

कर्नल_काका:
ते जुनं झालं. एंटरप्राइझ आवृत्तीची (मोठ्या संस्थांसाठीचं विंडोज) अट मायक्रोसॉफ्टने काढली, अपडेट केलेल्या प्रोवर ॲपलॉकर चालतं.

लोकल सिक्युरिटी पॉलिसी उघडा, ॲप्लिकेशन कंट्रोल पॉलिसीज, त्यात ॲपलॉकर. एक्झिक्युटेबल रूल्सवर राइट क्लिक करून 'क्रिएट डिफॉल्ट रूल्स'. आता सगळ्यांना फक्त प्रोग्रॅम फाइल्स आणि विंडोज फोल्डरमधलं चालेल, ॲडमिनला सगळंच. पेन ड्राइव्हसाठी वेगळा डिनाय रूल नको. ज्याला परवानगी नाही ते आपोआप अडतं. स्क्रिप्ट आणि इन्स्टॉलरलाही हेच करा. पॅकेज्ड ॲपचे (स्टोअरच्या धर्तीची ॲप) डिफॉल्ट रूल तर विसरूच नका, नाहीतर स्टार्ट मेनू नि कॅल्क्युलेटरसुद्धा गेले म्हणून समजा.

पहिला आठवडा 'ऑडिट ओन्ली'च (न अडवता फक्त नोंद) ठेवा. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या ॲपलॉकरच्या लॉगमध्ये ८००३ दिसला की ती फाइल पुढे अडणार. प्रत्यक्ष अडवल्यावर ८००४ येतो.

लॅब_खिडकी:
एका पीसीवर ऑडिट लावलं. गेम चालतोय, पण लॉग कोराच.

कर्नल_काका:
ॲपलॉकर ज्यावर चालतं ती ॲप्लिकेशन आयडेंटिटी सर्व्हिस बंद असणार. सर्व्हिसेसच्या खिडकीतून तिचा स्टार्टअप टाइप बदलू देत नाही. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये: एससी कॉन्फिग ॲपआयडीएसव्हीसी स्टार्ट= ऑटो (बरोबरच्या चिन्हानंतर एक स्पेस), मग रीस्टार्ट.

बिट_बाय_बिट:
डिफॉल्ट रूलवर थांबू नका. विंडोज फोल्डरच्या आतच टेम्प, टास्क्स, ट्रेसिंग आणि सिस्टिम३२\स्पूल\ड्रायव्हर्स\कलर इथे साध्या यूजरला फाइल टाकता येते. गेम तिथे कॉपी केला की खुशाल चालतो, आणि मुलांना हे दोन दिवसांत सापडतं. विंडोज फोल्डरवाल्या पाथ रूलच्या (फोल्डरच्या जागेवरून ठरणारा रूल) 'एक्सेप्शन्स'मध्ये हे चारही घाला. आणखी कुठे लिहिता येतं ते मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स टूल्समधल्या ॲक्सेसचेकने तपासा.

काही सॉफ्टवेअर यूजरच्या स्वतःच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये बसतात, ती अडतील. त्यांच्यासाठी पब्लिशर रूल (कंपनीच्या डिजिटल सहीवरून ठरणारा) करा. अख्ख्या ॲपडेटाला पाथ रूलने सूट दिलीत तर सगळं मुसळ केरात. हॅश रूल (नेमक्या त्या फाइलच्या ठशावरून ठरणारा) सही नसलेल्या फाइलपुरताच, कारण दर अपडेटला तो नव्याने करावा लागतो.

पायथन प्रोग्रॅम फाइल्समध्ये इन्स्टॉल असेल तर .पीवाय फाइल्स यात अडत नाहीत. ॲपलॉकरला फक्त इंटरप्रिटर (त्या फाइल्स चालवणारा पायथन प्रोग्रॅम) दिसतो, आणि तो तुम्हीच परवानगी दिलेल्या फोल्डरमध्ये आहे.