वेबसाइटसाठी फ्रीलान्सर निवडताना नेमकं काय विचारू?

लाकडी_खेळणी:
माझा लाकडी खेळण्यांचा छोटा व्यवसाय आहे. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. आता ऑनलाइन पेमेंट असलेली साइट हवी आहे. दोघांशी बोलणं झालं. एक म्हणतो, "डोमेन, होस्टिंग सगळं माझ्याकडे, तुम्ही काळजीच करू नका." त्याचा दरही निम्मा. दुसरीने उलट मलाच प्रश्न विचारून भंडावलं: फोटो कोण काढणार, माल परत आला तर पैसे कसे देणार, किंमती कोण बदलणार. मला तांत्रिक काही कळत नाही. काम कुणाला देऊ?

जुना_डेव्हलपर:
ताई, दुसरीला द्या. तिने विचारलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी साइटमध्ये काहीतरी बांधावं लागतं. जो आज विचारत नाही, तो अर्ध्या कामात "हे ठरलंच नव्हतं" म्हणून जादा पैसे मागतो.

"सगळं माझ्याकडे" हे मात्र कुणाकडूनही मान्य करू नका. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, ज्याच्या नावावर, हक्क त्याचा. उद्या तो फोन उचलेनासा झाला तर साइट नवी करता येईल, पण खोक्यांवर छापलेला पत्ता परत मिळवताना नाकी नऊ येतील. रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे, खातं तुमच्या ईमेलने उघडा, पैसे तुमच्या कार्डाने भरा, डेव्हलपरला फक्त कामापुरता प्रवेश द्या. होस्टिंगचंही, म्हणजे साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या जागेचंही, तसंच. पेमेंट गेटवे, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा, तर तुमच्याच बँक खात्याला जोडलेला हवा, इथे अजिबात भीड ठेवू नका.

तिच्या जुन्या कामाचे स्क्रीनशॉट नकोत, चालू साइटचे पत्ते मागा. मोबाइलवर उघडा, वस्तू कार्टमध्ये टाका, पेमेंटच्या पानापर्यंत जा. जमलं तर त्या मालकाशी बोला: काम संपल्यावर काही बिघडलं, तेव्हा ही भेटली का?

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. शेवटचा हप्ता साइट तुमच्या होस्टिंगवर चालू होऊन सगळे पासवर्ड हाती आल्यावरच. आणि कोडचे, डिझाइनचे हक्क पूर्ण पैसे दिल्यावर तुमचे होतील, हे लेखी घ्या. पैसे दिले म्हणजे कॉपीराइट आपोआप आला, असं बऱ्याच देशांत नसतं.

प्लगइन_प्रेमी:
निम्म्या दराबद्दल एक. साइट बनवायचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्यावरचे बरेच प्लगइन (जादा सोयींचे जोड) विकत घ्यावे लागतात. काही जण त्यांच्या 'नल्ड', म्हणजे परवाना मोडून फुकट वाटलेल्या, प्रती टाकतात. त्यांना अधिकृत अपडेट मिळत नाहीत आणि आत अनेकदा मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) असतं. परवाना तुमच्या नावावर घ्या. एसएसएलचे, म्हणजे साइटवरची माहिती सुरक्षित पाठवणाऱ्या प्रमाणपत्राचे, वेगळे पैसे लावले असतील तर कारण विचारा, लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं प्रमाणपत्र मोफत मिळतं.

लाकडी_खेळणी:
पहिल्याला डोमेन माझ्या नावावर मागितलं, तर "मी तसं करत नाही" म्हणाला. दुसरीला होकार कळवला. फोटो तिला लहान करून पाठवू का?

जुना_डेव्हलपर:
नको, मूळ आकारातच द्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवू नका, तिथे त्यांचा दर्जा घसरतो. गूगल ड्राइव्हवर टाका. साइटसाठी लहान करणं तिचं काम.