अनुभव हवेत : ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’

नगरची_मंडळी
काल उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणताना वरील ओळीपाशी शेजारच्या बाकावरचे आजोबा गप्प झाले आणि ती सरल्यावर पुन्हा सर्वांबरोबर म्हणू लागले. त्यांचा भावाशी विहिरीच्या वाट्यावरून तंटा आहे, हे आमच्या मंडळीत सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र जानेवारी १९९९ आठवला. ओडिशातील मनोहरपूर येथे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन मुलगे, दहा वर्षांचा फिलिप व सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपलेले असताना जमावाने त्यांना जाळले, आणि त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले. आईने ती बातमी ऐकून रेडिओ बंद केला आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. देशाचे कसे होणार, यावर आपण पुष्कळ बोलतो. आपल्यापैकी कोणी खरोखर ऋण सोडले आहे काय, ते लिहावे.

वसईची_सून
आमच्या कॅथलिक प्रार्थनेत ‘अपराध’ असा शब्द आहे, पण ‘ऋण’ अधिक बोचते, कारण ऋणाचा आकडा माणसाला तोंडपाठ असतो. सिस्टर राणी मारिया यांना १९९५ मध्ये मध्य प्रदेशात बसप्रवासात भोसकून मारणाऱ्या समंदर सिंगला त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन राखी बांधली. फादरांनी प्रवचनात हे सांगितले तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. आमचा चार महिने अबोला होता. मी संध्याकाळी त्यांच्याकडे सुक्या बोंबलांची चटणी पाठवली. डबा रिकामा परत आला, आणि रिकामा डबा परत करणे आमच्याकडे चांगले लक्षण नव्हे.

काळा_कोट
क्षमा आणि शिक्षा यांची गल्लत होऊ नये, एवढेच म्हणतो. स्टेन्स खटल्यात मुख्य आरोपी दारासिंहची फाशी उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जन्मठेपेत बदलली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जन्मठेपच कायम ठेवली. ज्याचे गेले त्याने क्षमा करावी. ज्यांचे काहीच गेलेले नाही त्यांनी ‘झाले गेले विसरा’ म्हणणे ही दया नव्हे, तो कंटाळा आहे.

कट्ट्यावरचा
मी ख्रिस्ती नाही, तरी लिहितो. त्या जानेवारीत आमच्या कट्ट्यावर एक मित्र म्हणाला, ‘धर्मांतर करत असतील, मग होणारच.’ बारिपद्याला त्या गृहस्थांनी कुष्ठरुग्णांची किती वर्षे सेवा केली, हे मी सकाळीच वाचले होते, आणि तरीही मी चहाचा ग्लास गोल फिरवत गप्प बसलो. जमाव ओडिशात होता. त्याला लागणारे मौन आमच्याही गल्लीत तयार होत होते, असे आता वाटते. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली. माझ्यासारख्याने ती कोणाकडे मागावी, हे कोणी सांगेल काय?

वसईची_सून
@कट्ट्यावरचा, त्या मित्राशी आज बोलता येईल, तर आधी तेथून आरंभ करावा.

काळा_कोट
@नगरची_मंडळी, विहिरीचा दावा न्यायालयात आहे, की नुसताच अबोला आहे?

नगरची_मंडळी
दावा चालू आहे आणि पुढची तारीख जूनमध्ये आहे. तारखेला दोघे भाऊ एकाच एसटीने जातात आणि तिकिटे मात्र वेगवेगळी काढतात, असे आमच्या पाळकबाई सांगत होत्या.