हेरिंगबोन म्हणजे नुसता दिखावा? वाचून राहवलं नाही

आडवी_वीट: काल इथे साधी_फरशी यांनी फरशीच्या नक्षींबद्दल लिहिलं, "हेरिंगबोन काय नि शेवरॉन काय, एकच. दोन्ही माल फुकट घालवायचे धंदे." डोकंच सणकलं. एक तर दोन्ही एक नाहीत. हेरिंगबोन म्हणजे हेरिंग माशाच्या काट्यासारखी नक्षी, तिचे तुकडे सरळ आयत, एकाचं टोक दुसऱ्याच्या कुशीला काटकोनात टेकतं. शेवरॉनचा प्रत्येक तुकडा टोकाला तिरका कापावा लागतो, तेव्हा कुठे दोन तुकडे समोरासमोर भिडतात. आणि दिखावा? पेव्हर ब्लॉक ओळीने लावा आणि त्यावर रोज गाडी वळवा, सांधे एका रेघेत असतात त्यामुळे ब्रेक लागला की हळूहळू रांगच्या रांग सरकायला लागते. हेरिंगबोनमध्ये लांब सलग सांधाच मिळत नाही, धक्का चहूकडे वाटला जातो. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट वास्तुकार ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये खालून लाकडी साचा न लावता चढवला, तो काय शोभेसाठी? हेरिंगबोन पद्धतीने मधेमधे उभ्या विटा घातल्या म्हणून चुना ओला असताना आडव्या विटा घसरल्या नाहीत.

साधी_फरशी: साहेब, मी घुमट बांधत नाहीये, पॅसेज करत होतो. घरातली टाइल खाली चिकटवलेली असते, तिथे कसलं आलंय अडकणं? आमच्या मिस्त्रीने भिंतीपासून सुरुवात केली, भिंतच काटकोनात नव्हती, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत सगळा डिझाइन तिरपा. कडेला कापलेल्या तुकड्यांचा ढीग वेगळाच. तुमच्या ब्रुनेलेस्कीला पाठवा साफ करायला.

आडवी_वीट: मधली रेघ मारून तिथून सुरुवात करायची असते हो. मिस्त्री चुकला त्यात डिझाइनचा काय दोष?

सुईदोरा: तुम्ही दोघं फरशीतच अडकलात. कापडातही हाच फरक आहे. ट्विल, म्हणजे तिरक्या रेघांचं कापड, विणताना रेघ उलटी फिरवली आणि टोकाला टोक नीट जुळलं तर ते शेवरॉन, वळणावर तुटून पुढे सरकली तर हेरिंगबोन. कोटाचं कापड जवळून बघा, मधे बारीक भेग दिसेल. आणि मच्छीकाटा टाका, म्हणजे शिवणातला हेरिंगबोन, कसा विसरलात?

आडवी_वीट: ताई, कापडाचं ठीक, पण टाक्याचा संबंध काय? त्यात दोरे एकमेकांवरून जातात, आयत कुठंय? नावात मासा आहे म्हणून झालं का?

सुईदोरा: झालं का म्हणजे? हातात सुई धरलीये कधी? डावीकडून उजवीकडे जायचं पण सुईचं तोंड डावीकडे, एकदा वर एकदा खाली. ताणणाऱ्या कापडाची दुमड याच टाक्याने घालतात कारण तो कापडाबरोबर ताणला जातो, तुमच्या विटांसारखा अडून बसत नाही. शाळेत बाईंनी माझा रुमाल तीनदा उसवला होता, उलट्या बाजूला दोन समांतर ओळी आल्या नाहीत म्हणून. आणि पातळ कापडावर हाच टाका दाट, मागच्या बाजूने घातला की पुढे रंगाची सावली पडते. अख्खं शॅडो वर्क त्यावर उभं आहे.

साधी_फरशी: म्हणजे एक हेरिंगबोन सरकू देत नाही आणि दुसरा सरकतो म्हणून चांगला. वा. 😂

दातेरी_चाक: कोणी हेरिंगबोन गिअरचं नावच घेईना. तिरक्या दातांचं चाक फिरताना शाफ्टला बाजूला ढकलतं, दोन उलट्या तिरक्या बाजू जोडल्या की ढकलणं एकमेकांत जिरतं. सित्रोएनच्या गाडीवरच्या दोन पट्ट्या त्याच दातांच्या. बाकी टाके, टाइल सगळं...

सुईदोरा: "सगळं" काय? वाक्य पूर्ण करा. पुरुषांनी केलं तर इंजिनिअरिंग आणि आम्ही केलं तर टाके!

दातेरी_चाक: अहो तसं नव्हतं म्हणायचं.

आडवी_वीट: तसंच होतं. असो. टाक्याचं काम दमदार आहे, मान्य. पॅटर्न तोच आहे हे मात्र मान्य नाही.

सुईदोरा: उपकार झाले.

साधी_फरशी: शेवरॉन वेगळं, हे मीही मानलं, सगळे एकदम अंगावर आलात म्हणून. पण पॅसेजला आता आडव्या ओळीच लावतोय.

आडवी_वीट: लावा. फक्त त्यावर गाडी वळवू नका.