मदत हवी आहे: डायपोलचा रेडिएशन अँगल खाली कसा आणायचा?

रात्रपाळी
हॅम रेडिओसाठी डायपोल, म्हणजे मध्यात केबल जोडलेला तारेचा अँटेना, लावलाय. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या लहरीचं माप; १ म्हणजे उत्तम) १.२, रिग म्हणजे रेडिओ संच १०० वॉट. जवळची स्टेशनं ५९, म्हणजे उत्तम सिग्नलचा शेरा, देतात. डीएक्स, म्हणजे दूरची स्टेशनं, ऐकू येतं, पण कितीही हाका मारल्या तरी पलीकडून कुणी उत्तर देत नाही. सगळे म्हणतात रेडिएशन अँगल, म्हणजे लहर क्षितिजापासून किती वर निघते तो कोन, जास्त आहे. तो कमी कसा करायचा तेवढंच सांगा. तारेची लांबी बदलू का? शनिवारी कॉन्टेस्ट (जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलण्याची स्पर्धा) आहे, लवकर कळलं तर बरं.

शून्यबीट
बँड, म्हणजे तरंगलांबीचा पट्टा, कोणता? उंची किती? तार आडवी आहे की इन्व्हर्टेड व्ही (मध्य वर, टोकं खाली)? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

फेराइट
आधी चोक बालन (केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारा भाग) लावलाय का ते पाहा. नसेल तर कोॲक्स केबलच्या जाळीवरून करंट वाहतो आणि पॅटर्न बिघडतो. माझ्याकडे चोक लावल्यावर रिसीव्हरमधला गोंगाटसुद्धा कमी झाला. निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

उभीतार
डायपोल उतरवा, पाव तरंगलांबीचा व्हर्टिकल म्हणजे उभा अँटेना लावा, खाली रेडियल म्हणजे चहूबाजूंना जाणाऱ्या तारा पसरा. कोन आपोआप खाली येतो. मी गेली कित्येक वर्षं दुसरं काही वापरलेलं नाही.

रात्रपाळी
४० मीटर बँड, अजून कोणता असणार! मध्य १० मीटर उंचीवर, दोन्ही टोकं खाली उतरवून बांधलीत. बालन आहे. प्रश्न अँगलचा आहे, कृपया त्यावरच बोला.

शून्यबीट
मग उत्तर उंचीत आहे, तारेच्या लांबीत नाही. आडव्या अँटेनाची थेट लहर आणि जमिनीवरून परतलेली लहर एकमेकींत मिसळतात; त्या कोणत्या कोनावर एकमेकींना बळ देतील ते उंचीवर ठरतं. उंची जमिनीपासूनची, पण मोजायची तरंगलांबीत. पाव तरंगलांबीवर सगळा जोर सरळ डोक्यावर, ९० अंशांना. अर्ध्यावर ३०, पाऊणवर साधारण २०, पूर्ण तरंगलांबीवर १४-१५ अंश. ४० मीटर बँडवर तुमचा मध्य जेमतेम पाव तरंगलांबीवर आहे आणि टोकं खाली असल्याने सरासरी उंची त्याहून कमी. म्हणून जवळची स्टेशनं ५९ देतात. लहर परतवणारा वातावरणातला एफ-२ थर ३०० किलोमीटर उंचीवर धरला तर ७० अंशांवर निघालेली लहर २०० किलोमीटरच्या आसपास उतरते, ३० अंशांवरची ९०० च्या पुढे आणि १० अंशांवरची २,००० च्या पलीकडे. एसडब्ल्यूआर १.२ आहे याचा अर्थ रिग खूश आहे. ऊर्जा कोणत्या कोनात जाते ते त्यावरून कळत नाही.

उभीतार
मी तेच म्हणतोय. २० मीटर उंच मास्ट उभारणार कोण? व्हर्टिकल लावा.

शून्यबीट
'आपोआप' मात्र मान्य नाही. साधारण जमिनीवर पाव तरंगलांबीच्या व्हर्टिकलचा लोब, म्हणजे सगळ्यात जास्त जोराचा पट्टा, २५ अंशांच्या आसपास असतो, अगदी खालच्या कोनातली ऊर्जा जमीन खाते. खारं पाणी शेजारी असेल तर गोष्ट वेगळी. २० मीटर बँडवर १० मीटर उंचीचा आडवा डायपोल, त्याच्या रुंद बाजूला, अशा व्हर्टिकलला १० अंशांवरही मागे टाकतो.

उभीतार
तो २० मीटर झाला! यांना ४० वर बोलायचंय. आणि डायपोल टोकांच्या दिशेला कमी पडतो, व्हर्टिकल चारही दिशांना सारखा. शिवाय डोक्यावरून येणारी जवळची स्टेशनं तो दाबतो, त्यामुळे दूरचा क्षीण सिग्नल मोकळा ऐकू येतो.

शून्यबीट
४० पुरतं मान्य. पण रेडियलमध्ये कंजुषी केली तर हाती काही लागणार नाही.

दोनमीटर
मध्येच विचारतो, हँडहेल्डवरून रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारं स्टेशन) धरायला ५/८ तरंगलांबीचा अँटेना चांगला की पाव?

तारवाली
रात्रपाळी, शनिवारपर्यंत नवीन काही बांधायचं नसेल तर कॉन्टेस्टमध्ये दिवसा १५ मीटर बँडवर या. ४० चा डायपोल २१ मेगाहर्ट्झला तिसऱ्या हार्मोनिकवर, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पटीवर, चालतो. रिगला अँटेना जुळवून देणारा ट्यूनर लागू शकेल. तिथे तुमची हीच उंची अर्ध्या तरंगलांबीहून जास्त भरते, म्हणजे कोन ३० अंशांच्या आत येतो. मात्र मुख्य लोब तारेला तिरके पडतात, त्यामुळे कोणत्या दिशा उघडतात ते नकाशावर पाहून घ्या. टोकं वर घेता आली तर जरूर घ्या. आणि अंदाजापेक्षा डब्ल्यूएसपीआर (क्षीण सिग्नल कुठवर पोचतो ते नोंदवणारी यंत्रणा) लावा, सिग्नल कुठे पोचतोय ते नकाशावरच दिसतं.

फेराइट
तिसऱ्या हार्मोनिकवरही चोक हवाच. एकाच बँडचा असेल तर तिथे उपयोग नाही.

रात्रपाळी
एकाच बँडचा आहे की कसं, उघडून बघावं लागेल. १५ मीटर आज दुपारीच लावून बघतो. व्हर्टिकल नंतर. उभीतार, रेडियल जमिनीवर टाकायचे की वर उचलून? जागा कमी आहे.

उभीतार
जमिनीवर असतील तर भरपूर लागतात, १६ तरी टाका, आखूड चालतील. वर उचललेत तर चारही पुरतात, पण प्रत्येक पाव तरंगलांबीचा, म्हणजे १० मीटरच्या आसपास, आणि जमिनीपासून निदान दोन-तीन मीटर वर. तुमच्या जागेची लांबी-रुंदी लिहा, मग सांगतो.

दोनमीटर
५/८ चं कुणी सांगेल का?