फॅट बर्नर घ्यावं की आधी ताट बदलावं?

सातपूरकर:
वय ३४, उंची १६८ सेंमी, वजन ८४ किलो, कंबर ९८ सेंमी. एमआयडीसीत फिरती शिफ्ट. जिमच्या ट्रेनरने ग्रीन टी अर्क, गार्सिनिया (कोकमाच्या जातीच्या फळाचा अर्क) आणि कॅफिनच्या कॅप्सूल सुचवल्यात, महिन्याला २८०० रुपये. डबीवर एफएसएसएआय नंबर आहे. उतरलेली चरबी परत चढू नये, असं यात काही आहे का?

गोदाकाठ:
तो १४ अंकी नंबर म्हणजे परवाना आहे, एवढंच. गुण येतो याचा दाखला नव्हे.

कॅफिनने भूक थोडी मरते, पण शरीर सरावलं की परिणाम ओसरतो. शिवाय रात्रपाळीत घेतलंत तर सकाळची झोप जाईल, आणि झोप तुटली की भूक वाढते. गार्सिनियाने वजनात पडणारा फरक नगण्य, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र आहेत. ग्रीन टी कपातली वेगळी, अर्क वेगळा: ईजीसीजी (ग्रीन टीतला मुख्य घटक) रोज ८०० मिग्रॅ किंवा जास्त पोटात गेलं तर यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात. लेबलवर ईजीसीजीचा आकडा नसून नुसतं ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ (घटकांचं प्रमाण न सांगितलेलं मिश्रण) असेल तर डबी परत ठेवा. आधीच घेत असाल आणि लघवी गडद किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच बंद करून डॉक्टरांकडे जा, एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) करून घ्या.

‘आठवड्यात ५ किलो’वाल्या पुड्यांपासून तर लांबच राहा. अशा मालात सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध मिसळलेलं सापडलेलं आहे. हृदयाच्या धोक्यामुळे ते भारतात २०११ पासून बंद आहे.

मटकीप्रेमी:
१ किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज ५०० ची तूट धरली तर सुरुवातीला आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास, पुढे वेग मंदावतो. पहिल्याच आठवड्यात २ किलो गेले तर त्यात बरंचसं पाणी असतं, कॅप्सूलचं श्रेय नको.

सुरुवात तेलापासून करा. चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटरचा डबा संपत असेल तर तो २ लिटरवर आणा; माणशी रोज २०० कॅलरी तिथेच वाचतात. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी १७०-१८० कॅलरीची असते, चार खाल्ल्या की हिशोब फसतो. प्रथिनं रोज ८० ग्रॅमच्या पुढे न्या: २ अंडी १२, ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स २५, १०० ग्रॅम पनीर १८, बाकी डाळ-उसळ-दह्यातून. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मिसळ बंद करू नका. नाशकात राहून मिसळबंदीचं डाएट किती दिवस टिकणार? रविवारी खा, मटकी जास्त मागा, जादा तर्री आणि तिसरा पाव सोडा.

सातपूरकर:
व्यायामात ट्रेनर नुसतं ट्रेडमिल सांगतो. तेवढं पुरेल?

डोंगरवाट:
नाही. खाणं कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही झडतो, म्हणून आठवड्यातून दोनदा तरी वजनं हवीत: स्क्वॉट, पुश-अप, रोइंग, प्रत्येकी ८-१२ चे ३ सेट. चालणं आठवड्याला किमान १५० मिनिटं. गोल्फ क्लब मैदानावर चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग ठेवा. गुडघे कुरकुरत असतील तर पांडवलेणीच्या पायऱ्या तूर्त नकोत.

वजन परत चढतं ते बहुधा इथे: ५ किलो घटल्यावर शरीराला कॅलरीही कमी लागतात, पण ताट जुन्या मापावर जातं. तेव्हा पुन्हा हिशोब करा. वजन आठवड्यातून एकदा, रात्रपाळी असेल तर झोपून उठल्यावर. कंबर ९० च्या खाली आणायची आहे. आणि २८०० पैकी काही आधी उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) आणि टीएसएच (थायरॉइड) या तपासण्यांवर खर्च करा.