हेरिटेज वॉक आणि महोत्सव दोन वर्षं बंद ठेवा, आधी डागडुजी करा

मंगळवारपेठकर:
रविवारी आपल्या कोल्हापुरात भवानी मंडप ते बिंदू चौक हेरिटेज वॉक होता, मी पण गेलतो. माहिती सांगणारा पोरगा अभ्यासू होता, गर्दी पण चांगली. पण बिंदू चौकात जुन्या तटबंदीपाशी सगळे फोटो काढाय लागले आणि मी बघतोय तर दगडाच्या सांध्यातनं पिंपळ आलाय, खोड माझ्या मनगटाएवढं झालंय, मूळ आत शिरून दगड पुढं ढकललाय. कुणाचं लक्षच नाही. केशवराव भोसले नाट्यगृह आठवा. १९१५ सालचं, शाहू महाराजांनी बांधलेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री डोळ्यादेखत जळालं, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी खासबागेच्या बाजूला उभा होतो, शेजारी एक बॅकस्टेजवाले मामा, एक शब्द नाही, नुसते टॉवेलनं डोळे पुसत होते. कौतुकाची भाषणं तिथं काय कमी झालती? म्हणून म्हणतोय, रोषणाई आणि स्टेजचा खर्च गवंड्याला द्या, आणि तो पण चुन्यात काम करणारा गवंडी पाहिजे. जुन्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि दगड सुटाय लागतो.

बावड्याची लेक:
दादा, पिंपळाचं पटलं, बंद करा म्हणताय ते अजिबात नाही पटलं. ६ मे २०२२, शाहू महाराजांची स्मृतिशताब्दी, सकाळी १० ला अख्खं कोल्हापूर १०० सेकंद थांबलं होतं. मी दसरा चौकात होते, रिक्षावाल्या काकांनी इंजिन बंद केलं, उतरून हात जोडून उभे राहिले, मागं एसटी पण थांबलेली. माझा मुलगा तेव्हा सहावीत. घरी येऊन प्रश्नावर प्रश्न, महाराजांनी काय केलं, १९०२ चं ५० टक्के आरक्षण म्हणजे काय. त्यातनंच आम्ही टाऊन हॉल म्युझियमला गेलो, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची मूर्ती बघितली, समुद्राचा देव, रोमन व्यापारातनं आपल्या पंचगंगेकाठी आलेला! मी इथंच वाढले, मला स्वतःला माहीत नव्हतं. ज्याला माहीतच नाही तो वास्तूसाठी रस्त्यावर कशाला उतरेल?

गडवाट:
ताईंशी सहमत. पन्हाळा २०२५ ला युनेस्कोच्या यादीत आला, बाकी ११ किल्ल्यांबरोबर. दर पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंड चालणारी हजारो पोरं हे गड मनात जिवंत ठेवतात. फक्त वाटेवरच्या प्लॅस्टिकचं बघा, एवढंच.

कौलारू:
तुम्ही दोघं बी आमच्याबद्दल बोलत नाही. शुक्रवार पेठेत आमचा जुना वाडा आहे, हिस्सेदार अकरा. वॉकवाले येतात, सागवानी खांबांचे फोटो काढतात, ‘काका, हे विकू नका हं’ म्हणून जातात. २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी घरात आलं, मातीच्या भिंती महिनाभर वाळल्या नाहीत, तवा कोण आलं नाही. दुरुस्तीच्या परवानगीला एका ऑफिसात मी सात हेलपाटे घातले. बिल्डर मात्र दर दिवाळीला मिठाई घेऊन येतोय. शेजारचा वाडा गेला, त्याचा कोरीव दरवाजा टेंपोत चढवताना माझी आई दारात उभी होती, त्या रात्री जेवली नाही. तिच्या जिवावर मी अजून सही केली नाही, पण किती दिवस?

मंगळवारपेठकर:
काका, वाचून कसंतरी झालं. पण हेच तर माझं म्हणणं आहे, एका स्टेजच्या भाड्यात तुमचं छप्पर होईल.

बावड्याची लेक:
काका, चुकलंच आमचं, आम्ही वाड्याच्या दारातनं परत फिरतो. तरी दादा, स्टेज नाही झालं म्हणून तो पैसा काकांच्या छपराला जाईल असं कुठं आहे? तो भलतीकडंच जाईल. त्यापेक्षा वॉकला तिकीट लावा आणि ती रक्कम थेट त्याच गल्लीतल्या एका घराला द्या.

मंगळवारपेठकर:
तिकीट चालेल. रोषणाईला माझा विरोध राहणारच.

कौलारू:
पैशाचं नंतर बघू. मे महिन्यात शाकारणी असते, म्हणजे कौलं उतरवून परत नीट बसवायची, त्याला माणसं मिळत नाहीत, पोरं पुण्यात. ज्यांना खरंच यायचंय त्यांनी या, सकाळी सातला, ऊन चढायच्या आधी. शिड्या दोन आहेत, तिसरी लागेल.

गडवाट:
तिसरी मी आणतो, आणि आमची चार पोरं बी.