हाडांसाठी सोयाच्या कॅप्सूल: पैसे पाण्यात?

मालवणी_तवा:
पाळी जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात हाडांची घनता तपासली, टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना करून येणारा आकडा) उणे १.९. ठिसूळ नाहीत (त्याला उणे २.५ लागतं), पण विरळ होऊ लागलीत. लगेच पुण्याच्या नणंदेने सोया आयसोफ्लेव्होनच्या कॅप्सूल धाडल्या. "वनस्पतीतलं इस्ट्रोजेन गं, अपाय नाही."

माझ्या मते पैसे पाण्यात. २०११ साली मायामीतला प्रयोग प्रसिद्ध झाला. २४८ बायका, निम्म्यांना रोज २०० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन, दोन वर्षं. हाडांची झीज थांबली नाहीच, वर अंगातून वाफा निघणंही सोयावाल्यांनाच जास्त. बायका सोया घेतात त्या वाफांसाठीच ना?

खाडीपलीकडची:
एका प्रयोगावर फुली मारू नका. २००७ च्या इटलीतल्या अभ्यासात ३८९ बायका होत्या, हाडं तुमच्यासारखीच विरळ. दिलं होतं सोयातल्या आयसोफ्लेव्होनपैकी नुसतं जेनिस्टीन, रोज ५४ मिलिग्रॅम. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दोन्ही गटांना होतं, तरी घनता वाढली ती जेनिस्टीनवाल्यांची. शिवाय सोयातल्या डेडझीनचं (हेही एक आयसोफ्लेव्होन) इक्वोल, म्हणजे इस्ट्रोजेनसारखं जास्त जोरात काम करणारं रूप, करणारे जंतू प्रत्येकीच्या आतड्यात नसतात. एकीला लागू पडतं, दुसरीला नाही.

मालवणी_तवा:
मग ते जंतू माझ्यात आहेत की नाहीत हे कोणी तपासलं? डबी मात्र सगळ्यांना सारखीच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही २०१२ मध्ये हाडांचा हा दावा मान्य केला नाही.

रापणवाला:
गो बाय, आमची आये अठ्ठ्याहत्तरची. नाचण्याची भाकरी आणि वर जवळ्याची सुकी चटणी. हाडांक आणखी काय व्हया?

खाडीपलीकडची:
दादा, माझ्या आईनेही जन्मभर तेच खाल्लं, चाळीस पावसाळे लावणी केली. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, कबूल. तरी सत्तरीत न्हाणीघरात घसरली आणि खुबा मोडला. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन आटतं, हाड भरण्यापेक्षा झिजतं जास्त. नुसत्या भाकरीने ते भरून येत नाही, म्हणून तर सोया शोधतात.

मालवणी_तवा:
आईचं वाचून वाईट वाटलं. भाकरीवर सगळी भिस्त नको, हे पटलं. औषधाचं डॉक्टरांना विचारते. पण सोयाचं अजून पटलं नाही.

तिठ्यावरची:
मध्येच विचारते. थायरॉईडची गोळी चालू आहे का तुमची? सोयामुळे ती नीट शोषली जात नाही.

मालवणी_तवा:
चालू आहे की! सकाळी सहाला, उपाशीपोटी. नणंदेने कॅप्सूलही तेव्हाच घ्यायला सांगितली होती, "लक्षात राहतं" म्हणून. फोन लावते तिला.